कात्र्या तीन, मुलं पस्तीस

पत्र

ताई, सलाम.

श्रीरामपूर तालुक्यातल्या एका गावात आमचं लहानसं चर्च आहे. जूनपासून संडे स्कूल माझ्याकडे आलं. मुलं पस्तीस, चार वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची, आणि सगळी एकाच खोलीत. उपासनेच्या आधी एक तास मिळतो. गाणी आणि पाठांतर होतं, पण गोष्ट सांगायला लागले की मागची मुलं उठून जातात. म्हणून काहीतरी हस्तकला करून घ्यावी असं वाटलं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यांतलं सामान, म्हणजे फोमचे कागद, हलणारे डोळे, केसाळ रंगीत तारा, इथे मिळत नाही आणि मागवायचं तर परवडत नाही. एकदा मेंढ्या घरून कापून नेल्या. मुलांनी पाच मिनिटांत कापूस चिकटवला आणि मग नुसता दंगा. कात्र्या तीनच आहेत, त्यांच्यावरून मारामारी. मोठ्या मुलांना हे सगळं 'बालवाडीचं' वाटतं. त्यात पंचांपैकी एक काका म्हणाले, "आम्ही पोरांना वचन शिकायला पाठवतो, कागद कापायला नाही." नाताळ जवळ आला आहे. स्वस्तात आणि सोपं असं काय करता येईल? नाताळात स्पर्धा ठेवावी का? की हा नादच सोडून द्यावा?

– एक संडे स्कूल शिक्षिका

उत्तर

प्रिय ताई, सलाम.

आधी त्या काकांचं बघू. त्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, पण उडवूनही लावू नका, कारण ते अर्धं बरोबर आहे. पुष्कळ ठिकाणी संडे स्कूलमधली हस्तकला म्हणजे गोष्ट संपल्यावर उरलेला वेळ ढकलायची सोय असते. मुलं कापतात, चिकटवतात, हात पुसतात आणि ती वस्तू चर्चच्या पायरीवर टाकून घरी जातात. तसंच होणार असेल तर त्या वेळात आणखी दोन गाणी म्हणून घ्या.

पण काकांना यहोशवाचा चौथा अध्याय वाचायला सांगा. यार्देन ओलांडल्यावर बारा वंशांचे बारा पुरुष नदीच्या पात्रातून एकेक धोंडा खांद्यावर घेऊन येतात आणि ते धोंडे गिलगालात उभे केले जातात. कशासाठी, तेही तिथेच सांगितलं आहे: पुढे मुलं विचारतील की हे धोंडे कसले, तेव्हा त्यांना सांगता यावं. आधी वस्तू, मग मुलाचा प्रश्न, मग गोष्ट. ही रीत काही आपण मोबाइलवरून उचललेली नाही. काकांना आणखी हवं असेल तर निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायातला बसालेल आहे. देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं ते सोनं, रुपं, पितळ आणि लाकूड घडवण्यासाठी. यापोतल्या विधवा पेत्रासमोर रडत उभ्या राहतात तेव्हा मरण पावलेल्या टबीथाने शिवलेले कपडेच त्याला दाखवतात. पौलाचा धंदा राहुट्या करण्याचा. नासरेथच्या सुताराबद्दल मी सांगायची गरजच नाही. आणि आपल्याच मातीतलं उदाहरण म्हणजे केडगावचं मुक्ती मिशन. पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुलींना वचनाबरोबर विणकाम आणि छपाई शिकवली. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या बायबलच्या भाषांतराचे छपाईचे खिळे (टाइप) तिथल्याच बायकामुलींनी जुळवले.

तेव्हा हा नाद सोडू नका. फक्त काय करून घ्यायचं ते पारखून घ्या. माझी पारख त्या धोंड्यांवरूनच आलेली आहे. मूल ती वस्तू घेऊन घरी गेलं आणि आजीने विचारलं, "हे काय आणलंस रे?" तर त्याला गोष्ट सांगता आली पाहिजे. तुमच्या मेंढ्या इथेच अडल्या. आजीने विचारलं असतं तर पोर म्हणालं असतं, "मेंढी." पुढे काय सांगणार? ती मेंढी हरवली नव्हती, कुणी तिला शोधलं नव्हतं. तुम्ही रात्री बसून कापल्यात, त्याने कापूस लावला, एवढाच तिचा इतिहास.

आता लूकच्या पंधराव्या अध्यायातली, शंभरांतल्या एका हरवलेल्या मेंढराची गोष्ट अशी करून पाहा. जुन्या कॅलेंडरची दोन-तीन पानं मागच्या बाजूने जोडून एक मोठा कागद करा. स्पंजच्या तुकड्यावर काळा पोस्टर रंग ओतून ठेवा. मुलं अंगठा बुडवून ठसे उमटवतील आणि सुकले की पेनाने प्रत्येक ठशाला चार पाय आणि एक डोकं काढतील. मेंढरं शंभर व्हायला हवीत आणि मुलं पस्तीस आहेत, तर कुणी किती ठसे द्यायचे, हा हिशेब मोठ्या मुलांवर सोपवा. (तीस जणांनी तीन-तीन आणि पाच जणांनी दोन-दोन. पण तुम्ही सांगू नका, त्यांना भांडू द्या.) शंभरावा ठसा मात्र वेगळ्या चिठ्ठीवर. मुलांना डोळे मिटायला लावा आणि ती चिठ्ठी लपवा: पेटीखाली, पडद्यामागे, कुठेही. मग सगळ्यांनी शोधायची. सापडली की ओरडू द्या. स्वर्गातही आनंद होतो असं वचनच आहे, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या मोठ्या माणसांनी थोडं सोसावं. ती चिठ्ठी मोठ्या कागदावर चिकटवा आणि कागद भिंतीवर राहू द्या. घरी न्यायला प्रत्येकाला एका लहान चिठ्ठीवर स्वतःचा एक ठसा करू द्या. आजीला सांगायला आता पुरेसं आहे: माझं मेंढरू हरवलं होतं, ते पेटीखाली सापडलं. धनगर शेतात मेंढरं बसवतात ते तुमच्या मुलांनी पाहिलेलं असणार. तो धनगर मेंढरं मोजतो कसा, हे तुम्ही त्यांनाच विचारा. गोष्टीची निम्मी तयारी तिथे होते.

यातून दुसरी खूणही तुमच्या लक्षात येईल. हाताने केलेलं काम गोष्टीतलंच असलं की मुलांना वेगळं समजावावं लागत नाही. येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कयाची गोष्ट घ्या. एका जाड कागदावर झाडाचं खोड आणि फांद्या काढायच्या, खोडाच्या मध्ये उभी चीर द्यायची. एका काडीवर बोटाएवढा जक्कय चिकटवायचा आणि तो मागून चिरेत सरकवायचा. काडी वर ढकलली की जक्कय झाडावर चढतो, येशूने हाक मारली की सरसर खाली येतो. चार वर्षांचं मूलसुद्धा ही गोष्ट दहा वेळा करून दाखवतं, कारण बोटालाच ती पाठ होते. मराठी बायबलात ते झाड उंबराचं आहे. तिकडचं झाड आपल्या औदुंबराचा भाऊबंद, पण वेगळ्या जातीचं. तरी उंबराची खडबडीत पानं मिळाली तर आणा आणि कागदावर चिकटवा. मुलांना ते झाड ओळखीचं असतं, आणि त्याच्यावर चढता येतं हेही ठाऊक असतं.

माशाने गिळलेल्या योनासाठी पोस्टाचा किंवा लग्नपत्रिकेचा लिफाफा पुरे. लिफाफ्याची उघडी बाजू म्हणजे माशाचं तोंड, दुसऱ्या बाजूला शेपटी चिकटवायची आणि वर एक डोळा. कागदाचा योना आत जातो, तीन दिवस आणि तीन रात्री मोजायच्या, मग बाहेर. पाच भाकरी आणि दोन माशांच्या गोष्टीसाठी कागदी पट्ट्यांचं विणकाम आठ वर्षांवरच्या मुलांना जमतं. बारा टोपल्या उरल्या होत्या, तेव्हा सगळ्या वर्गाने मिळून बाराच टोपल्या विणायच्या आणि शेवटी त्या मोजायच्या. योसेफाच्या झग्यासाठी शिंप्याकडच्या चिंध्या मागून आणा. तो आनंदाने पिशवीभर देईल.

सामानाचं म्हणाल तर मोबाइलवरची यादी विसरून जा. लग्नसराई संपली की प्रत्येक घरात पत्रिकांचा ढीग असतो आणि तेवढा जाड कागद दुकानात विकत घ्यायला गेलात तर महाग पडतो. कॅलेंडरची पानं, वर्तमानपत्रं, किराणा दुकानातली खोकी, सुतळी, खराट्याचे हीर, बाटल्यांची झाकणं, एवढ्यावर वर्ष निघतं. विकत आणायचे ते पतंगी कागद, खडू, पोस्टर रंगाच्या चार बाटल्या. पत्रिकांबद्दल एक सांभाळा. शेजारपाजारच्या पत्रिकांवर गणपतीचं चित्र असतं. ते मुलांच्या हाती कापायला देऊ नका. तेवढा भाग घरीच आदराने बाजूला काढा आणि उरलेला कागद वर्गात न्या. गावात आपण सगळ्यांबरोबर राहतो, आणि मुलं हेही आपल्याकडूनच शिकतात.

मुलांना "घरून टिकल्या आणा, रिबन आणा" असं सांगणं मी टाळते. ज्याच्या घरी नसतं ते पोर पुढच्या रविवारी येतच नाही, आणि का आलं नाही ते आपल्याला कळतही नाही. आणायला सांगायचंच तर वर्तमानपत्र सांगा.

डिंकाच्या बाटल्या पस्तीस मुलांत किती पुरणार? खळ करा. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, तीन वाट्या पाणी उकळलं की त्यात ओतायचा आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. शनिवारी रात्री केली की रविवारी सकाळी छान लागते. आपल्याकडे खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मुलांसाठीच्या खळीत चिमूटभरही घालू नका, ते विष आहे आणि लहान मुलांची बोटं तोंडात जाणारच. दोघांत एक झाकणभर खळ आणि एक काडी द्या. मीठ आणि मैदा भिजवून खेळायचा गोळा करतात तेही तुम्ही पाहिलं असेल. मला तो आवडत नाही. ज्या घरात पीठ मोजून मळतात तिथल्या मुलाला पीठ खेळायला द्यायचं आणि मग 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे' म्हणायला लावायचं, हे बसत नाही. ओढ्याकाठची चिकण माती फुकट मिळते आणि पोळ्याला बैल करणाऱ्या मुलांना तिची सवयही असते.

आणि मातीच तुमच्या उठून जाणाऱ्या मुलांना बसवेल. तुम्ही आधी गोष्ट सांगता आणि मग हस्तकला घेता, तिथे गाडी अडते. गोष्ट सुरू करतानाच प्रत्येकाच्या हातात लिंबाएवढा गोळा द्या आणि म्हणा, "मी सांगते, तुम्ही करा." दाविदाची गोष्ट असेल तर त्याच्या गोफणीचे पाच गोटे. गोष्टीत काय चाललं आहे ते हातांना कळत असतं, आणि हात गुंतलेले मूल उठून जात नाही. वरवर ऐकत नाही असं वाटेल, मान खाली असेल, पण शेवटी प्रश्न विचारून बघा.

आता कात्र्या. तीन आहेत ते बरंच आहे. सात वर्षांखालच्या मुलांना कात्री नकोच. त्यांना कागद फाडू द्या. बोटांच्या चिमटीत धरून हळूहळू फाडलेल्या कागदाला जी मऊ कड येते ती कापलेल्या कागदाला येत नाही, डोंगर, ढग आणि गालिलाच्या समुद्राच्या लाटा फाडूनच चांगल्या होतात. मुलांचे तीन गट करा, वयाप्रमाणे नाही, तर मिसळून. प्रत्येक गटात दोन-तीन मोठी मुलं आणि त्यांच्यातल्या एकाकडे कात्री. लहानांनी त्याच्याकडे जाऊन "दादा, एवढं कापून दे" म्हणायचं. मारामारी थांबते, आणि ज्यांना हे बालवाडीचं वाटतं त्यांना एक पद मिळतं.

पण नुसत्या पदावर अकरा-बारा वर्षांची मुलं फार दिवस राहत नाहीत. त्यांना खरं काम लागतं. त्यांच्यासाठी नोहाचं तारू ठेवा. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात मापं स्पष्ट दिली आहेत: लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास हात, उंची तीस हात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. एका हाताला एक मिलिमीटर धरलं तर तारू ३० सेंटिमीटर लांब, ५ रुंद आणि ३ उंच होतं. म्हणजे त्यांच्या कंपासपेटीशेजारच्या फूटपट्टीएवढं लांब. खोक्याच्या पुठ्ठ्यातून हे मापात करायचं, आत तीन मजले आणि बाजूला दार. चित्रांत आपण नेहमी गोल पोटाची होडी आणि वर डोकावणारा जिराफ बघतो. मुलं मापाने करतात तेव्हा त्यांना एक लांबलचक पेटी मिळते आणि ती चकित होतात. मग एखाद्या दिवशी त्यांना सुतळीचा गुंडा देऊन शाळेच्या मैदानावर पाठवा. हात साधारण ४५ सेंटिमीटरचा धरला तर तीनशे हात म्हणजे १३५ मीटर होतात. मैदान पुरेल की नाही शंकाच आहे. या कामाला बालवाडीचं कुणी म्हणणार नाही.

नाताळ जवळ आला आहे म्हणता, तर तिकडे वळू.

शुभेच्छापत्रांसाठी भेंडी आणा. जून, जाड भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचा तारा मिळतो. रंगात बुडवून पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर ठसे उमटवायचे. चार वर्षांच्या मुलालाही हे जमतं आणि प्रत्येकाचं आकाश वेगळं होतं. आत वचन लिहायचं ते मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावं. ज्याला लिहिता येत नाही त्याने नुसतं 'येशू' गिरवलं तरी चालेल. छापील वचनांच्या पट्ट्या चिकटवायला देऊ नका. वेडीवाकडी अक्षरं काढताना जेवढं पाठ होतं तेवढं पट्टीने होत नाही. काकांनाही एक कार्ड पाठवा.

मोठ्या मुलांना चांदणीचा कंदील द्या. दिवाळीला आकाशकंदील करणाऱ्या गावात कामट्या बांधायला कुणाला शिकवावं लागत नाही. सारख्या लांबीच्या पाच कामट्यांची एक चांदणी, तशाच दुसऱ्या पाचांची दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाच टोकं दोऱ्याने बांधायची आणि आतल्या पाच सांध्यांमध्ये बोटभर लांबीच्या पाच काड्या आडव्या अडकवायच्या, म्हणजे चांदणी फुगते. वर पतंगी कागद खळीने लावायचा. आत मेणबत्ती नको, लहान दिव्याची माळ पुरे. नाताळच्या चांदणीचा एक प्रसिद्ध प्रकार, पुष्कळ टोकांचा, एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट मंडळीच्या शाळेत भूमितीच्या तासाला तयार झाला. म्हणजे मुलांच्या हातचंच काम ते.

मोरेव्हियन मंडळीचीच आणखी एक गोष्ट आपल्याकडे सहज करता येते. १७४७ साली जर्मनीतल्या मारियनबॉर्नला मुलांच्या नाताळ उपासनेत त्यांच्या पाळकांनी प्रत्येक मुलाला तांबडी फीत बांधलेली मेणबत्ती दिली. पुढे तिला संत्र्याची जोड मिळाली. त्याला क्रिस्टिंगल म्हणतात. संत्रं म्हणजे जग, त्याच्याभोवती तांबडी फीत म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, वरची मेणबत्ती म्हणजे जगाचा प्रकाश, आणि चार काड्यांना टोचलेला सुकामेवा म्हणजे देवाने दिलेली पिकं आणि ऋतू. डिसेंबरात आपल्या बाजारात संत्री असतातच. पण नागपुरी संत्र्याची साल सैल, मेणबत्ती लगेच कलते. मोसंबी घ्या, घट्ट बसते. सुक्यामेव्याच्या जागी बोरं किंवा भिजवलेले शेंगदाणे चालतील. टोकदार काड्या मोठ्यांनीच टोचाव्यात. आणि मेणबत्त्या मुलांच्या हातात पेटवू नका. पस्तीस मुलं, ओढण्या, मोकळे केस, एक खोली, विचारसुद्धा नको. पाळकसाहेबांनी वेदीजवळ एकच पेटवावी. बाकीची मोसंबी उपासनेनंतर सोलून खाऊन टाकायची, हा भाग मुलांना सगळ्यांत जास्त आवडतो.

गव्हाण मात्र प्रत्येकाने करावी. गोठ्यातली खरी गव्हाण तुमच्या मुलांनी पाहिलेली आहे, तिचा वास त्यांना ठाऊक आहे. शहरातल्या मुलाला हे समजावायला मला चित्रं दाखवावी लागतात, तुम्हाला नाही. काड्यापेटीचं रिकामं खोकं, त्याला मातीचे चार पाय. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांतल्या, पहिल्या रविवारी ती रिकामी घरी न्यायची. आठवड्यात कुणासाठी काही केलं, आजीला पाणी दिलं, भावाला मारायचं टाळलं, की कडब्याची एक काडी आत टाकायची. वर्गात मात्र "तू काय केलंस?" विचारत बसू नका. विचारलं की मुलं चांगुलपणाच्या गोष्टी रचायला लागतात. काडी टाकली, झालं. चौथ्या रविवारपर्यंत अंथरूण तयार होतं.

आता एक नाजूक भाग. आत बाळ ठेवायचं का? मातीची मूर्ती करायला आपल्याकडच्या काही कुटुंबांना आवडत नाही, मूर्ती करू नये ही दुसरी आज्ञा आठवते. आणि काही कुटुंबांना गोठ्यात बाळ नसेल तर चुकल्यासारखं वाटतं. तुमच्या मंडळीत काय रीत आहे ते पाळकसाहेबांना आधी विचारा आणि तेच करा. मुलांच्या गोठ्यावरून मोठ्यांचं भांडण नको. शंका असेल तर मेंढरं, गाढव, गव्हाण मातीची करा आणि बाळाच्या जागी कापडाची गुंडाळी ठेवा. लूक तेवढंच सांगतो: बाळंत्याने गुंडाळलेलं. चित्रं रंगवायला देत असाल तर गोरा रंगच लावला पाहिजे असं कुणाला वाटू देऊ नका. मुलांना मोठ्या पडद्यावर किंवा मोबाइलवर अँजेलो दा फोन्सेका यांची चित्रं दाखवा. हे गोव्याचे चित्रकार (१९०२–१९६७) पुण्यातल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि त्यांनी साडी नेसलेली, आपल्यासारख्या वर्णाची मरिया रंगवली. ती पाहिल्यावर तपकिरी खडूसाठी ओढाताण सुरू होते.

नाताळनंतरचं थोडक्यात सांगते. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत तुमच्याकडे रब्बीची ज्वारी निघालेली असते. ज्या ताटांच्या मुलं बैलगाड्या करतात त्याच ताटांचे क्रूस करायला लावा. वरची साल सोलून तिच्याच सळ्या, आतल्या भेंडात टोचून जोडायच्या. साल पात्यासारखी कापते, म्हणून सोलायचं काम मोठ्यांचं. झावळ्यांच्या रविवारी नारळाच्या किंवा शिंदीच्या पात्याचा क्रूस दुमडतात. पाती आदल्या रात्री पाण्यात ठेवली तर चिरत नाहीत. ईस्टरच्या आठवडाभर आधी ताटलीत माती पसरून एका बाजूला मडक्याच्या खापरीची कबर करा आणि बाकीच्या मातीत मोहरी किंवा अळीव पेरा. दोन-तीन दिवसांत कोंब येतात. एप्रिलच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायला विसरू नका. ईस्टरच्या पहाटे कबरीच्या तोंडावरचा दगड मुलांनी स्वतः लोटायचा. गव्हाच्या दाण्याचं योहानातलं वचन त्या आठवड्यात पाठांतराला घ्या. मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा घेत असाल तर सलग दिवस मिळतात, तेव्हा माती सुकवून रंगवायची मोठी कामं तिकडे ढकला.

तासाची वाटणी कशी करायची हे तुम्हालाच जमेल, पण शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. त्यात आवराआवर आणि सांगणं. दोन-तीन मुलांनी आपली वस्तू हातात धरून सगळ्यांना गोष्ट सांगायची; घरी आजीला सांगायची ती तालीमच. कागदाचे कपटे उचलताना रेव्हरंड ना. वा. तिलकांचं एखादं भजन सुरू करा. गाणं संपेपर्यंत जमीन साफ झाली पाहिजे, एवढाच नियम.

स्पर्धा ठेवू का, हेही विचारलंत. नको. स्पर्धा ठेवली की आया रात्री जागून तारे करतात आणि बक्षीस आईला मिळतं. लहान मुलाची कामं तुम्हीही नीट करायला जाऊ नका. डोळा कानाखाली आला तर राहू द्या. नाताळात सगळी कामं एका सुतळीवर चर्चच्या भिंतीला लावा, खाली नाव लिहा आणि प्रत्येक कामाशेजारी ते करणाऱ्या मुलाला उभं करा. मोठी माणसं रांगेने बघत जातील आणि विचारतील, "हे काय रे?" काकांनाही त्या रांगेत घ्या. मुलांचे फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकायचे असतील तर आईवडिलांना आधी विचारा.

येत्या रविवारी सुरुवात यहोशवाच्या बारा धोंड्यांपासून करा. हातात मावतील असे गुळगुळीत गोटे, त्यांवर बारा वंशांची नावं, एकेका गटाला चार. नावं मोठ्या मुलांनी बायबलमधून शोधून लिहावीत, लहानांनी रंग द्यावा आणि मग सगळ्यांनी मिळून ते दाराजवळ रचावेत. गोटे आणायला मुलांना प्रवरेच्या पात्रात पाठवू नका, वरून पाणी कधी सोडतील सांगता येत नाही. कुठे बांधकाम चालू असेल तर मालकाला विचारून वाळूच्या ढिगातून वेचा, आणि शनिवारीच धुऊन ठेवा, नाहीतर रंग धरत नाही.